एक्केचाळीस नंबरचे हात

माझ्या मोठ्या जावेला आम्ही कात्री म्हणायचो. तोंडावर नाही, मागे. तिच्या कमरेला सदा फुलं कापायची कात्री लटकलेली असायची हे एक कारण, आणि दुसरं कारण तिच्या तोंडात होतं. सासूबाई म्हणायच्या, "ही झोपेतसुद्धा कुणाला तरी झापत असते." मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला बादलीभर पाण्यावरून झापलं, आणि दुसऱ्या आठवड्यात माझी बाजू घेऊन माझ्या नवऱ्याला. तेव्हापासून मला तिचा धाकही होता आणि आधारही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी काय केलं ते कळल्यावर तुम्ही मला चार शब्द सुनावणार आहात. खुशाल सुनावा.

आम्ही दोघी गुलाबाच्या कंपनीत कामाला होतो. प्लास्टिकच्या कागदाखाली वीस मोठी शेडं, त्यांत गुलाबाच्या रांगा, आणि शेवटी पॅकिंगचा लांबलचक हॉल. सकाळी शेडात जाऊन फुलं कापायची, बादल्या हॉलमध्ये आणायच्या, काटे काढायचे, दांड्याची लांबी बघून निवड करायची, वीस फुलांची जुडी बांधून पुठ्ठ्यात गुंडाळायची आणि वर आपापल्या नंबरचं स्टिकर चिकटवायचं. माझा नंबर छत्तीस, कात्रीचा एक्केचाळीस. जुड्या थंड खोलीत, तिथून विमानात, आणि तीन दिवसांनी कुठल्यातरी परक्या देशातल्या दुकानात. एखाद्या फुलाची मान मोडलेली निघाली की तिकडून तक्रार यायची आणि नंबरावरून बाई बरोबर सापडायची. कौतुक मात्र नंबर शोधत कधी आलं नाही.

प्रत्येक शेडाच्या दाराला एक पाटी टांगलेली असे. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी. औषध फवारलं की लाल बाजू पुढे, म्हणजे आत जायचं नाही. नियम पुरत्या एका दिवसाचा. फवारणीला पुरुष. त्यांना अंगभर पांढरा पोशाख, डोळ्यांवर चष्मा, नाकावर डबडं, कोपरापर्यंत मोजे. बघणाऱ्याला वाटावं, चंद्रावर निघालेत. ते बाहेर पडले की दोन तासांत सुपरवायझर येऊन पाटी उलटी करायचा. हिरवी झाली की आम्ही आत. आमच्या अंगावर घरचेच कपडे आणि हातात कात्री. पानांवरचं औषध अजून ओलं असायचं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. ऑर्डर मोठी असली की दोन तासांचा दीड तास व्हायचा.

हात आधी खाजले, मग चट्टे उठले, मग सालं निघायला लागली. कात्रीचे हात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत वाईट, कारण ती सगळ्यांत जास्त फुलं कापायची. कंपनीच्या डॉक्टरने तिच्या हाताला हात न लावता लांबूनच विचारलं, "घरी भांडी कोण घासतं?"

"मीच घासते."

"मग साबणाचं आहे ते. साबण बदला."

"डॉक्टर, भांडी मी तीस वर्षं घासतेय. हात आत्ता सोलले."

डॉक्टरने मलम लिहून दिलं आणि पुढचीला हाक मारली. त्याने पुढचीलाही भांड्यांबद्दलच विचारलं. त्या दिवशी कात्री रस्ताभर बोलत होती. बायकांना काही झालं की हे लोक आधी आपल्या स्वयंपाकघरात घुसतात, म्हणाली. पोट दुखलं तर खाणं, पाठ दुखली तर बसणं, हात जळले तर भांडी. यांच्या औषधाला काही म्हणून दोष नाही.

मग एक दिवस तिकडून तक्रार आली. एका फूलवालीचे हात सोलले होते, आणि जुडीवर नंबर होता एक्केचाळीस.

सुपरवायझरने मला त्याच्या काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. एक्केचाळीस नंबरला आधीपासून त्वचेचा संसर्गजन्य रोग आहे आणि तो तिने कंपनीपासून लपवला, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे त्या परक्या बाईला लागलं ते औषधाने नाही, माझ्या जावेच्या हातांनी!

"तू तिच्या घरातलीच," तो म्हणाला. "तुझ्या सहीला वजन आहे."

"साहेब, हे असं नाहीये."

"नाहीये? मग तुझी बाही वर कर बरं. तुला नाही ना लागलं काही?"

मी महिनाभर लांब बाह्यांचे कपडे घालत होते. बाहीखाली दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल होते. माझ्या पोरीची शाळा माझ्या डोळ्यांसमोर आली, नवऱ्याचं बंद पडलेलं काम आलं, आणि मी सही केली. इतकं सोपं होतं. पेन नीट चालत नव्हतं तर मी ते झटकून पुन्हा केली.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या सूचना फलकावर कागद लागला. त्वचारोगामुळे एक्केचाळीस नंबरला कामावरून कमी करण्यात येत आहे, इतरांनी आपापली स्वच्छता राखावी. त्यावर सह्या करणाऱ्यांची नावं नव्हती. मला हायसं वाटलं, आणि वाटल्याची लाज आजही जात नाही.

घरी तर विचारूच नका. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं काढलं. चहाला तिच्यासाठी एक जुना कप शोधला, निळा, कानाजवळ टवका उडालेला, आणि तो खिडकीत वेगळा ठेवायला सुरुवात केली. थोरले दीर म्हणाले, "तोंड आवरलं असतंस तर ही वेळ आली नसती." जणू पुरळ तोंडातून उठलं होतं! शेजारणी दारातूनच बोलायला लागल्या. आणि मी? मी रोज त्या निळ्या कपात चहा ओतून तो खिडकीत नेऊन ठेवत होते. तिच्या हातात देत नव्हते. मला माहीत होतं की तो रोग नाही. माझ्याच हातावर पुरावा होता, तरी देत नव्हते, कारण दिला असता तर घरातल्यांनी विचारलं असतं, तुला भीती कशी नाही वाटत?

कात्री गप्प झाली. त्या बाईचा आवाज नसलेलं घर मी पहिल्यांदाच ऐकलं. ती दिवसभर हात मांडीवर उताणे ठेवून बसायची. एकदा मला म्हणाली, "अगं, कामाचं सोड, दुसरं मिळेल. पण मी घाणेरडी आहे असं भिंतीवर लिहिलंय त्यांनी. ते पुसून घेतल्याशिवाय मी मरणार नाही बघ."

पंधरा दिवसांनी कंपनीची टायपिस्ट आमच्या दारात आली. बारीक अंगाची, मान खाली घालून चालणारी मुलगी. परदेशातली पत्रं तीच वाचायची आणि साहेबांसाठी आपल्या भाषेत उतरवायची. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"मावशी, मी दिलं असं कुणाला सांगू नका. त्या तक्रारीचं मी उतरवलेलं पान साहेबांनी अर्धंच ठेवलं. खालचं अर्धं फाडून टाकलं. हे पूर्ण आहे."

मी वाचून दाखवलं. वरच्या अर्ध्यात फूलवालीने लिहिलं होतं, माझ्या हातांची सालं निघतायत, आमच्या गल्लीतल्या आणखी दोन दुकानांतल्या बायकांचीही. खालच्या अर्ध्यात होतं: 'मी ही फुलं दिवसातून काही तास हाताळते. एक्केचाळीस नंबरच्या बाई ती दिवसभर हाताळत असतील. कृपया त्यांना विचारा, त्यांचे हात कसे आहेत? मला कळवा.' आणि शेवटी दुकानाचा फोन नंबर.

कात्रीने मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ती रडली. तिला रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग तिने नाक पुसलं आणि एकदम ओरडली, "मेल्यांनी एवढंच फाडलं! नेमकं एवढंच!"

विमानाने जावं लागतं एवढ्या लांबची बाई. तिने हिचं तोंड पाहिलं नाही, हिची भाषा तिला येत नाही. तिच्याकडे हिचा फक्त एक नंबर होता, आणि तरी तिला पहिला प्रश्न सुचला तो हिच्या हातांचा. मी एका छपराखाली बारा वर्षं राहिले आणि मला सुचली ती सही.

मी तिथेच सांगून टाकलं. सही केली, धाकाने केली, पेन झटकून केली, सगळं सांगितलं. बाह्या वर करून हात दाखवले. कात्रीने माझे हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि म्हणाली, "मला माहीत होतं. सहीत तुझं अक्षर कसं येतं ते मी ओळखत नाही होय? सुपरवायझरने कागद माझ्या नाकासमोर नाचवला होता." मग हात सोडून दिले. "रडू नकोस. रडून मला काय मिळणार? तुझ्या हातांचा फोटो काढ."

टायपिस्टने चार हातांचा एक फोटो काढला आणि फूलवालीला पाठवला. तासाभरात तिकडून फोटो आला. तसेच हात. गोरे होते, बोटं जाड होती, पण चट्टे तिथेच, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटाच्या आत, जिथे जुडी घासते. कात्री बराच वेळ त्या फोटोकडे बघत होती. "ही पण डाव्या हाताने धरते," एवढंच म्हणाली.

फूलवालीशी बोलणं सोपं नव्हतं. टायपिस्ट मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायची. पहिल्या दिवशी फूलवाली म्हणाली, तुमच्यासाठी आम्ही मदत गोळा करतो, आणि या कंपनीची फुलं घेणंच बंद करतो. टायपिस्टने आनंदाने सांगितलं. कात्रीचा पारा चढला.

"तिला म्हणावं, दया नको. फुलं बंद केलीस तर दोनशे बायका घरी बसतील आणि त्याचाही दोष माझ्याच माथी येईल. आम्हाला काम पाहिजे, हातही पाहिजेत. तिला एवढंच सांग, कंपनीला एक प्रश्न विचार. लाल पाटी किती तास होती?"

टायपिस्ट घाबरली. "मावशी, असं तोडून बोलू?"

"तोडूनच बोल. ती फुलं विकते, तिला कापलेलं कळतं."

टायपिस्टने तसंच तोडून सांगितलं. मग फूलवाली हसली, मोठ्याने, आणि काहीतरी म्हणाली. टायपिस्टने सांगितलं, "त्या म्हणतायत, माफ करा, मी आधी विचारायला हवं होतं. आणि म्हणतायत, त्यांची मोठी बहीणही अशीच बोलते."

फूलवालीने प्रश्न विचारला. कंपनीने उत्तर दिलं की पाटी पूर्ण दिवस असते, रोगी बाई कामावरून काढली आहे, आता काळजी नसावी. त्याच आठवड्यात तिकडच्या आणखी एका दुकानातून तक्रार आली, या वेळी एकोणीस नंबरवर. झालं. सुपरवायझर एकोणीसचा नवा कागद करायला बसला. तेव्हा आम्हाला त्यांचा धंदा कळला. हात जळत राहणार, तक्रारी येत राहणार, आणि ते एकेक नंबर रोगी ठरवून काढत राहणार. नंबर काय, दोनशे आहेत.

आणि इथे कंपनीने एक चूक केली. स्टिकरांची रिळं हंगामाच्या सुरुवातीलाच छापून येतात, प्रत्येकीच्या नंबरची मोठमोठी दहा रिळं, आणि ती ज्या त्या टेबलाखालच्या खोक्यात पडून असतात. कात्रीला काढलं, तिचा पुठ्ठा काढला, स्टूल काढलं. टेबलाखाली वाकून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. वाकायचं काम त्यांचं कधी नव्हतंच.

महिला दिन जवळ आला होता. आमचा सगळ्यांत मोठा माल त्या दिवसासाठी जातो. तिकडे पुरुष बायकांना गुलाब देतात म्हणे, सन्मान म्हणून. इकडे त्या गुलाबांसाठी आम्हाला लघवीलाही सोडत नाहीत. मी कात्रीच्या टेबलाखालचं खोकं उघडलं, आणि एकोणीस नंबरच्या पोरीला पहिलं रीळ दिलं.

"लाव," मी म्हटलं. "आजपासून सगळ्या एक्केचाळीस."

तिने बावीसला दिलं, बावीसने तीसला. सगळ्यांनी लगेच हो म्हटलं असं नाही. एकीने रीळ परत माझ्या टेबलावर आपटलं, म्हणाली, तुझ्याच सहीने गेली ना ती? तिला कुठून कळलं देव जाणे. मी म्हटलं, हो, माझ्याच सहीने. ती थोडा वेळ काटे काढत राहिली आणि मग तिने रीळ उचललं. सहा दिवस हॉलमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक जुडीवर एकच नंबर होता. सुपरवायझर टेबलांमधून फिरत होता, जुड्या मोजत होता, मोठ्याने ओरडत होता. स्टिकर वाचत नव्हता. ते तो फक्त कागद करायचा असला तरच वाचायचा.

तिकडे फूलवालीने आपल्या गावातल्या, मग शेजारच्या गावांतल्या फूलवाल्यांना सांगून ठेवलं होतं. हात जळले की प्रत्येकीने तक्रार करायची, नंबर लिहायचा आणि खाली तोच एक प्रश्न. तीन दिवसांत दीडशेवर तक्रारी आल्या, सगळ्या एक्केचाळीसवर. ज्या बाईला रोगी म्हणून काढल्याचं कंपनीने लेखी कळवलं होतं, तिने त्यानंतर हजारो जुड्या बांधल्या होत्या! माल घेणाऱ्या तिकडच्या मोठ्या कंपनीने विचारलं, कामावर नसलेली बाई फुलं बांधते कशी? आणि ती बांधत नसेल, तर हात कशाने जळतायत? टायपिस्ट सांगत होती, ते पत्र वाचताना मालकांचा चष्मा दोनदा खाली पडला.

तिकडची एक अधिकारी बाई चौकशीला निघाली. मालकांनी शहाणपणा केला. महिला दिनाचा कार्यक्रम ठेवला, तिच्यासमोरच. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, आणि कात्रीला निरोप धाडला की गैरसमज झाला होता, सन्मानाने परत या.

कात्री गेली. साधे कपडे, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. आम्ही सगळ्यांनीच दुमडल्या होत्या. मालक स्त्रीशक्तीवर बरंच बोलले. आई, बहीण, लेक, सगळ्या भाषणात येऊन गेल्या. मग त्यांनी कात्रीला एक गुलाब दिला. आखूड दांड्याचा होता, आम्ही निवडताना बाजूला टाकतो तसला.

तिने तो घेतला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी पाचव्या शेडातून नुकतीच कापलेली जुडी घेऊन उभी होते. त्या शेडाची पाटी सकाळी उलटी झाली होती, दोन तासांनी. पानांवरून औषध ठिबकत होतं. कात्रीने जुडी माझ्याकडून घेतली आणि मालकांसमोर धरली.

"साहेब, सन्मान मलाही करू द्या की. ही धरा. मोजे नकोत. मी एक कप चहा पिईपर्यंत धरा, बस."

मालक हसले. "अहो, त्याची काय गरज?"

"धरा ना. फुलंच तर आहेत. रोग आमच्या हातात आहे, फुलांत थोडाच आहे?"

मालकांनी हात पुढे केला नाही. ते एक पाऊल मागे सरले, आणि मागच्या खुर्चीला अडखळले. दोनशे बायकांनी ते पाहिलं, आणि पाहुण्या बाईनेही. ती उठून टायपिस्टकडे वळली आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला भाषा येत नव्हती, पण प्रश्न कुठला ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. टायपिस्टने सुपरवायझरकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं. मग तिने दोन बोटं वर केली, आणि आम्हाला कळावं म्हणून आपल्या भाषेतही म्हणाली, "दोन तास. कधी कधी दीड."

आता पाटीला कुलूप आहे आणि किल्ली बायकांकडे असते. मोजे मिळाले. सूचना फलकावर दुसरा कागद लागला, एक्केचाळीस नंबरला कोणताही रोग नव्हता, कंपनीने खोटं लिहिलं होतं. 'खोटं' हा शब्द मालकांना नको होता, 'चुकीचं' म्हणूया म्हणाले. कात्री अडून बसली, तो शब्द येईपर्यंत तिने हजेरी लावली नाही. सुपरवायझर अजून तिथेच आहे. पलीकडच्या रस्त्यावरच्या तीन कंपन्यांत पाटी अजून दोन तासांनी उलटी होते, आणि कात्री रविवारी तिकडच्या बायकांना भेटायला जाते. फूलवाली फोनवर असतेच. दोघींचे हात भरत आलेत, आता त्या गुडघ्यांबद्दल बोलतात.

सगळं झालं त्या संध्याकाळी सासूबाईंनी तिचं ताट सगळ्यांच्या ताटांत मिसळलं आणि निळा कप फेकायला काढला. कात्रीने तो त्यांच्या हातातून घेतला, धुतला आणि पुन्हा खिडकीत ठेवला.

मी म्हटलं, "जाऊबाई, जाऊ द्या ना आता. टाकून देऊ."

"का? चांगला आहे की. चहा राहतो त्यात."

"बघितला की मला कसंतरी होतं."

"म्हणूनच," ती म्हणाली.

आजही ती त्याच कपात चहा पिते. मी रोज तिच्या हातात देते.